लिटरला अठरा

वरकुट्याच्या त्या घरात सकाळी पहिला आवाज आक्कांच्या भाकरीचा व्हायचा आणि दुसरा गुरुजींच्या गाडीचा. भाकरीची थपथप मला पहिल्या आठवड्यातच ओळखीची झाली. गाडीशी जमायला वेळ लागला. पांढरी, आठशे सीसीची, चार माणसांत गच्च होणारी ती जुनी गाडी गुरुजींनी शाळेतून निवृत्त झाल्यावर कुणाकडून तरी तिसऱ्या हातानं घेतलेली. सुरू होताना ती आधी खोकायची, मग सगळं अंग झाडायची, आणि अंगणभर पेट्रोलचा असा वास सुटायचा की आक्का आतून ओरडायच्या, "अवो, म्होरं घ्या ती गाडी, पिठाला वास लागतुय." गुरुजी म्हणायचे, "अगं, गरम हुतीय ती." आक्कांचं उत्तर ठरलेलं. "इस वरीस झाली असतील तिला. अजून गरमच हुतीया."

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शाळा नदीपलीकडं होती आणि घरात माझ्याहून लहान चौघं होती. माझ्या मामांची आणि गुरुजींची ओळख नागपूरला दीक्षाभूमीवर झालेली, जेवणाच्या रांगेत. पुढं दरवर्षी भेटत राहिले. आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गुरुजींनी पत्र टाकलं, घरात कुणी मुलगी असली तर दोन महिने बरं होईल. मी एकोणीस वर्षांची होते. एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते. दौंडला उतरून बारामतीच्या गाडीत बसले तेव्हा डब्यातल्या बायकांचं निम्मं बोलणं मला कळेना, आणि माझं त्यांना. आक्कांनाही सुरुवातीला माझ्या बोलण्याची मजा वाटायची. मी "जेवून राहिली" म्हटलं की त्या म्हणायच्या, "जेवून कुठं ऱ्हायलीस गं? ताटात तर समदं तसंच हाय."

ताटात तसंच असायचं, कारण मी भातावर वाढलेली. ज्वारीची भाकरी मला गिळवायची नाही. मी कुणाला बोलले नव्हते. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून संध्याकाळी चुलीच्या कडेला एका लहान पातेल्यात मूठभर भात शिजायला लागला. तो कुणासाठी, हे आक्कांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज माझ्या घरात दोन्ही वेळेला भाकरी असते आणि भात कधीतरीच, तोही तसल्याच लहान पातेल्यात. तेव्हा मात्र त्या भातानं माझी काळजी वाढवलीच. एवढं कुणी आपलं करतंय म्हणजे आपल्याकडून काही चुकायला नको, असं वाटून मी भांडी दोनदा घासायची, अंगण दोनदा झाडायची. दोन महिन्यांसाठी आलेली मी, सहा महिने झाले तरी कुणी जा म्हणत नव्हतं, आणि ते कधी म्हणतील याची मी रोज वाट बघायची.

जा न म्हणण्याचं कारण गाडी होती. आक्कांना आठवड्यातून दोनदा बारामतीला गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यावं लागायचं आणि एसटीची पायरी त्यांना चढता यायची नाही. गुरुजींच्या डोळ्यांचं असं झालेलं की समोर उसाची ट्रॉली आहे की ट्रॉलीची सावली, हे जवळ गेल्याशिवाय कळेना. एकदा ते सावलीसाठी थांबले आणि ट्रॉलीसाठी थांबले नाहीत. बंपर गेला. त्या दिवशी आक्का म्हणाल्या, "आता ही रेखा शिकंल." गुरुजींनी मला शाळेच्या मैदानावर महिनाभर शिकवलं. मैदानाच्या कट्ट्यावर बसलेली म्हातारी माणसं ओरडायची, "गुरुजी, पोरगी चालवतीया का गाडी पोरीला चालवतीया?" परवाना मिळाला त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, पण गाडीचं लिहिलं नाही. आईला झोप लागली नसती.

गुरुजींचा एकुलता मुलगा, प्रमोददादा, पुण्यात नोकरीला. तो आला की घर भरून जायचं आणि दुपारपर्यंत बाप-लेकांचं वाजायचं. एका रविवारी तो जेवता जेवता म्हणाला, "तात्या, ही गाडी हाय का पेट्रोलचा हौद? दोन खेपा बारामतीच्या केल्या की टाकी कोरडी. धा-अकराच्या वर काय देत न्हाय ही."

"अठरा देते," गुरुजी म्हणाले.

"कशावरनं? मीटर तर घेतल्यापासनं बंद हाय."

"ज्याच्याकडनं घेतली त्यानं सांगितलंय."

"त्यो इकायला बसला हुता, तात्या. पंचवीस बी सांगितलं असतं."

दादाचं म्हणणं साधं होतं. पुण्यात घर आहे, खोली रिकामी आहे, व्यायामाची सोय कोपऱ्यावर आहे. इथं पेन्शन गाडीत ओतायची आणि आईनं खड्ड्यांतून हेलपाटे घालायचे, हे कशाला? गुरुजींना गाव सोडायचं नव्हतं. बोलता बोलता आवाज चढले आणि दादा म्हणाला, "लिटरला अठरा दाखवा. मी परत पुण्याचं नाव काढणार न्हाय. न्हाय दाखवलं तर दिवाळीला गाडी भंगारात, घराला कुलूप आन तुमी दोघं माझ्याकडं." गुरुजींनी खरकटा हातच पुढं केला आणि दादानं त्यावर टाळी दिली. आक्कांना कुणी विचारलं नाही. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. कुलूप लागलेल्या घरात मुलगी कशाला लागते? मी वाढत होते; माझ्या हातातून आमटीचा पळा ताटाबाहेर सांडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी भवानीनगरला हारुणमिस्त्रींकडं नेली. साठीचा माणूस, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, समोरून दिवसभर ऊस जायचा. गाळपाचा हंगाम नुकताच सुरू झालेला, ट्रॉल्यांवरची गाणी एकमेकांत मिसळायची आणि सगळ्याला मळीचा गोडसर आंबट वास. मिस्त्रींनी आधी डिकी उघडली. आतून चौथीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे निघाले, दगड झालेलं अर्धं पोतं सिमेंट, ट्रॅक्टरची लोखंडी पिन आणि आक्कांचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला वरवंटा.

"गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "तुमी गाडीत संसार मांडलाय. ह्याच्यात पेट्रोलनं काय करावं?"

"उत्तरपत्रिका टाकायच्या न्हाईत. ठेवून दे बाजूला."

"पोरं आता आजोबा झाली असतील की ह्यातली."

मग मागचं चाक जॅकवर घेतलं. हातानं फिरवलं तर फिरेना. ब्रेक आत चिकटून बसलेला; म्हणजे इतके दिवस आम्ही ब्रेक दाबूनच बारामतीला जात होतो. हवेची जाळी काढून आपटली तर तिच्यातून माती आणि उसाचा भुसा मिळून घमेलंभर घाण पडली. चोक अर्धा अडकलेला. कार्ब्युरेटर उघडून धुतला, प्लग घासले, टायरात हवा नीट भरली. गुरुजी स्टुलावर बसून प्रत्येक गोष्टीला "का?" विचारायचे आणि मिस्त्री आनंदानं सांगायचे. शेवटी गुरुजी म्हणाले, "मीटर चालंल का? पोराला तोंडी हिशेब चालणार न्हाय." मीटरच्या तारेखाली गिअरबॉक्समध्ये बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची गरारी असते, तिचे दात गेलेले. मिस्त्रींनी जुन्या सामानाच्या डब्यात हात घालून दोन-तीन गराऱ्या लावून बघितल्या. एक बसली. गाडी पुढं घेतली तसा मीटरचा आकडा हलला आणि गुरुजींनी वर्गात पोरानं बरोबर उत्तर दिल्यासारखी टाळी वाजवली.

राहिलं माझं चालवणं. मी भीतीनं डावा पाय कायम क्लचवर ठेवायची आणि समोर रस्ता मोकळा दिसला की पटकन संपवून टाकावा म्हणून दाबायची. मिस्त्रींनी सांगितलं ते मला कळलं नाही. आक्कांनी मागच्या सीटवर पाय लांब करून सांगितलं ते कळलं. "रेखे, दूध उतू जायला लागल्यावर बारीक करतीस का आधी? मग पुढं ट्रॉली दिसतीया तर आत्ताच पाय काढ की." आजही मी बारामतीत शाळेची व्हॅन चालवते ती याच अंदाजानं. आता पेट्रोलमध्येच उसाचं इथेनॉल असतं, व्हॅनवाले सगळे मायलेजवरून कुरकुरतात. मी मात्र लांबूनच पाय काढते.

टाकी काठोकाठ भरून आठवडाभर गाडी वापरायची, परत काठोकाठ भरायची आणि भागायचं, असं गुरुजींनी ठरवलं. ओसरीवर त्यांच्या शिकवणीच्या वेळचा फळा होता. मला भागाकार यायचा, पण दशांश चिन्हाच्या पुढं गेलं की मी घाबरायची. गुरुजींनी ते आठ दिवस मला रोज संध्याकाळी दशांश शिकवला. चुकलं तर रागवायचे नाहीत, खडू परत हातात द्यायचे. आठवडा संपला तेव्हा मीटरवर दोनशे पंचेचाळीस किलोमीटर झालेले आणि टाकीत साडेबारा लिटर बसलं. "कर," गुरुजी म्हणाले. मी केलं. एकोणीस पूर्णांक सहा. गुरुजींनी ते दोनदा तपासलं, चष्मा पुसला, आणि उभे राहून घरात जाऊन लगेच दादाला फोन लावला.

त्या रात्रीच्या जेवणाला आक्कांनी शेंगोळी केली. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी कडबोळी, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली. मला किती आनंद झाला ते सांगता यायचं नाही; मी चारदा वाढून घेतली. घर राहणार होतं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी भेटेल त्याला सांगायला लागले. पारावर, दूध संघाच्या गाडीजवळ, बारामतीच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या माणसाला. गावातले दोघं आपली जीप घेऊन दारात आले. "गुरुजी, आमच्या बी गाडीचं बघा की, एकोणीस नगं, चौदा करा." गुरुजी त्यांना हवेची जाळी कशी आपटायची ते दाखवायचे.

मला काळजी असली की मी मोजते. पायऱ्या, खांब, काहीही. आता तर काळजी नव्हती, पण सवय होती. गुरुवारी आक्कांना घेऊन बारामतीला जाताना मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होते आणि मध्येच मीटरकडं नजर गेली. दहा दगड झालेले. मीटर बारा पुढं गेलेला. मी एखादा दगड हुकले असेन. येताना परत मोजले, मोठ्यानं, म्हणून आक्कांनी विचारलं, "काय जप चाललाय?" दहा दगड, बारा किलोमीटर. घरी आल्यावर मोरीत भांडी घासता घासता मी बोटानं राखेत भागाकार केला. मीटर दहाचे बारा दाखवत असेल, तर दोनशे पंचेचाळीसचे खरे दोनशे चार. भागिले साडेबारा. सोळा पूर्णांक तीन.

मी राख पुसून टाकली. रविवारी दादा येणार होता. तो मीटर बघणार, फळा बघणार, टाळी फिटणार. दगड मोजत कोण बसतंय? शुक्रवार तसाच गेला. शनिवारी सकाळी गुरुजी अंगणात आरसा टांगून दाढी करत होते आणि कुंपणापलीकडच्या दूधवाल्याला सांगत होते, "एकोणीस पूर्णांक सहा. अन् त्ये बी ह्या पोरीच्या हातानं." दूधवाला गेला. मी बादली खाली ठेवली.

"गुरुजी, मीटर जास्ती दाखवून राहिला."

त्यांनी ब्रश थांबवला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुझा भागाकार चुकला असंल." मी ओसरीवर जाऊन फळ्यावर करून दाखवला. अर्ध्या गालाला साबण, हातात खडू, असे ते फळ्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. चूक सापडली असती तर मला किती बरं वाटलं असतं! सापडली नाही. मग म्हणाले, "रस्त्याचे दगड कंत्राटदार बसवतो. रस्ता रुंद झाला की उपटून कुठंबी रोवतो. कालव्याच्या दगडांवर बघू. त्या दगडांवर पाण्याच्या पाळ्या ठरत्यात; हातभर हलला तर गावं एकमेकांची डोकी फोडत्याल."

तोंड धुऊन ते तसेच गाडीत बसले. कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं मी गाडी सावकाश नेली. प्रत्येक दगडाला गुरुजी काच खाली करून डोकं बाहेर काढायचे, आकडा दिसत नसे म्हणून खाली उतरून हातानं चाचपायचे. पाच दगड झाले तेव्हा मीटरवर सहा झालेले. "फिरव," ते म्हणाले. परत पाच, परत सहा. मी गाडी बंद केली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, काठोकाठ. गुरुजी काठावर बसले, मी थोडी लांब उभी.

"कधी कळलं तुला?"

"परवा."

"मग परवा का न्हाय सांगितलंस?"

"मले घरी जा लागंल म्हणून."

"अन् आज का सांगितलंस?"

माझ्या तोंडातून आलं ते एवढंच, "तुम्ही रोज नव्या माणसाला सांगून राहिले. मले ऐकवत नव्हतं."

गुरुजी उठून गाडीत बसले. परतताना हारुणमिस्त्रींकडं थांबलो. त्यांनी गरारी काढून हातावर घेतली, उजेडात धरली आणि जीभ चावली. "ही दुसऱ्याच गाडीची हाय, गुरुजी. मापात बसली, दातात न्हाय. तुमी इचारलं हुतं मीटर चालंल का. त्यो चालला." गुरुजी म्हणाले, "चूक तुझी न्हाय. प्रश्न मी अर्धा इचारला."

रविवारी दादा आला. जेवायला बसण्याआधीच हसत म्हणाला, "दाखवा तात्या, एकोणीस." गुरुजींनी मला हाक मारली. "रेखा सांगंल." माझ्या हातात लाटणं होतं, ते तसंच घेऊन मी ओसरीवर आले आणि फळ्याकडं न बघता म्हटलं, "सोळा पूर्णांक तीन." मग गरारीचं, दगडांचं, कालव्याचं. दादा एकदा माझ्याकडं, एकदा वडिलांकडं बघत राहिला.

"म्हंजे नापास," तो म्हणाला.

"नापास," गुरुजी म्हणाले. मग, "फेरपरीक्षा मिळंल का?"

"मला चौथीत दिली हुती का?"

गुरुजींनी आपल्याच वर्गात आपल्याच मुलाला दोन मार्कांनी नापास केलेलं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग स्वयंपाकघरातून आक्का हसल्याचा आवाज आला, आणि दादाही हसला. पण हसून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "गाडी गेली की तुला बी जावं लागणार, हे तुला म्हाईत हुतं?"

"हो."

जेवण झालं, मी ताटं उचलली, तरी तो भिंतीला टेकून बसलेला. मग वडिलांना म्हणाला, "तात्या, आई पायरीवर पडली, गुडघा गेला, ते मला किती दिसांनी कळलं? पंधरा. तवर दर फोनला काय सांगत हुता? समदं ब्येस हाय." गुरुजी सुपारी कातरत राहिले. "मला पेट्रोलचं काय पडलंय? हितं काय चाललंय ह्येच मला कळत न्हाय." कोपऱ्यातल्या टेबलावर काळा फोन होता, त्याच्या डायलच्या भोकात गुरुजींनी लहानसं कुलूप घातलेलं असायचं, पुण्याला फोन जास्त लागू नये म्हणून. किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात. दादानं हात पुढं केला. "ती किल्ली ह्या पोरीकडं द्या. दर रविवारी ही फोन करंल. गाडी राहू द्या दिवाळीपातुर. मग बघू."

गुरुजींनी आक्कांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघताय? द्या की."

ते "मग बघू" पुढं नऊ वर्षं चाललं. पण त्या पुढच्या रविवारी मला ते माहीत नव्हतं. मी कुलूप काढून नंबर फिरवला. मी आयुष्यात कुणाला फोन लावलेला नव्हता. बरोबर दातांची गरारी मिस्त्रींनी पुण्याहून मागवून बसवली होती आणि चार दिवस परत मोजून झालं होतं. पलीकडून दादाचा आवाज आला.

"दादा, सोळा पूर्णांक चार," मी म्हटलं.

"बरं. अजून?"

मी मागं बघितलं. गुरुजी पेपर वाचत होते आणि मघापासून पान उलटत नव्हते.

"अन् गुरुजी काल मोरीत घसरले. कोपराला लागलं आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

पेपर खाली आला. "अगं ए! त्यो पुण्याचा फोन हाय, मोजकं बोल!"

आतून भाकरीची थपथप थांबली आणि आक्का म्हणाल्या, "सांग, सांग. मलम बी लावून घेत न्हाईत, त्ये बी सांग."